साठच्या कॅसेटची एक बाजू

३० ऑगस्ट १९८७, रविवार. सकाळचे पावणेदहा. कल्याण स्टेशनचा जिना उतरून तुम्ही पश्चिमेला बाहेर येता आणि समोरचा रस्ता चक्क मोकळा दिसतो. रिक्षा रांगेत उभ्या आहेत, रिक्षावाले नाहीत. पेपरवाल्याने गठ्ठ्यावर दगड ठेवलाय आणि तो समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून, मान उंच करून आत बघतोय. दूरदर्शनवर ‘रामायण’ लागलंय. २५ जानेवारीपासून दर रविवारी सकाळी साडेनऊला हे गाव असंच जागच्या जागी थांबतं.

शिवाजी चौकाच्या दिशेने चालू लागा. प्रत्येक खिडकीतून तेच संवाद ऐकू येतात, त्यामुळे पारनाक्यापर्यंत चालत गेलात तरी एक वाक्य चुकणार नाही. मग मालिका संपते, दारं उघडतात, आणि गणपतीचे दिवस असल्यामुळे मंडपातले कर्णे सुरू होतात. पहिला आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. ‘तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता’. उंच पट्टी, उघडा गळा, एकेक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारा, आणि ध्रुवपद आलं की मागून उसळून येणारा कोरस. हा गायक मंगळवेढ्याकडचा, पण राहायला इथे, कल्याणात. रस्त्यावरची अर्धी माणसं नकळत ओठ हलवतायत. हा आवाज कानात पक्का ठेवा. आज तुम्हाला न्यू जर्सीच्या एका बँडच्या दहा गाण्यांची क्रमवारी लावायची आहे, आणि ती लावताना या आवाजाची गरज पडणार आहे.

नाक्यावरच्या कॅसेटच्या दुकानाचं शटर आत्ताच वर गेलंय. आत एकावर एक रचलेले दोन डेक, भिंतभर कॅसेटी, काउंटरवर कोऱ्या साठच्या आणि नव्वदच्या कॅसेटींचे ढीग. बिर्ला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा तुमच्याआधी येऊन उभा आहे. केस डोळ्यांवर येणारे, मानेवर वाढवलेले. हातात एक मूळ कॅसेट आहे. काळं, ओलं प्लॅस्टिक आणि त्यावर बोटाने लिहिल्यासारखी अक्षरं: बॉन जोवी, ‘स्लिपरी व्हेन वेट’. मावसभावाने आजच्यापुरती दिली आहे. उद्या परत करायची.

“काका, साठची भरून मिळेल का?”

“मिळेल. दोन्ही बाजूंना हेच?”

“नाही, एकच बाजू. दुसऱ्या बाजूला आईला ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हवंय, आणि प्रल्हाद शिंदेंचीच बाकीची.”

“मग यादी कर. तुझं एका बाजूत मावायचं नाही.”

दुकानदार बरोबर बोलतोय. मूळ कॅसेटमध्ये दहा गाणी आहेत, एकूण पावणेचव्वेचाळीस मिनिटांच्या आसपास. साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. म्हणजे तीन गाणी गळणार आणि सात राहणार. कोणती गळायची हे ठरवण्यासाठी संध्याकाळपर्यंतचा वेळ आहे. मुलगा तुमच्याकडे वळून म्हणतो, “दादा, तुम्हाला इंग्लिश गाण्यातलं कळतं ना? चला घरी, ऐकूया.”

वाड्यातली मागची खोली. भिंतीला लागून खाट, खाटेवर रात्रपाळी करून आलेले वडील पाठ करून झोपलेले. फळीवर टू-इन-वन. मुलगा आधी एक काम करतो, तेवढं जवळून बघा. काडीला कापूस गुंडाळतो, स्पिरिटमध्ये बुडवतो, झाकण उघडून टेपच्या हेडवरून हळूच फिरवतो. कापसावर तपकिरी डाग येतो. मग शेजारच्या रबरी चाकावरूनही फिरवतो, कारण रीळ गुंततं ते तिथेच. उसनी आणलेली कॅसेट आहे, गुंतली तर मावसभाऊ पुन्हा काही देणार नाही. कॅसेट आत घालण्यापूर्वी षटकोनी पेन्सिल चाकात घालून तो रिळातली ढील काढून घेतो. आतून आई म्हणते, “बसा हो, चहा ठेवते. आणि आवाज हळू, बाबा झोपलेत.”

यादी खालून वर करत जाऊ.

दहा: ‘सोशल डिसीज’

पहिल्या बाजूवरचं चौथं गाणं. सुरुवातीलाच उसासे येतात आणि मुलगा स्वयंपाकघराकडे बघत झटकन आवाज बंद करतो. पुढे ब्रासचे झटके आहेत, ताल चांगला ठेक्यात बसलाय, पण गाणं स्वतःच्याच चावटपणावर खूश होऊन तिथेच गोल फिरतं. ध्रुवपद संपल्यावर ओठांवर काही उरत नाही. त्याची जागाही वाईट: अल्बममधल्या दोन सर्वोत्तम गाण्यांच्या मधोमध. चार मिनिटं अठरा सेकंद वाचली.

नऊ: ‘लेट इट रॉक’

अल्बमचा दरवाजा हा. कीबोर्डवादक डेव्हिड ब्रायनच्या ऑर्गनने उघडतो, देवळात शिरल्यासारखा, आणि मग गिटार येऊन सगळं उधळून लावते. सुरुवात म्हणून शोभतं. पण सव्वापाच मिनिटांहून लांब, अल्बममधलं सर्वांत मोठं गाणं, आणि त्यात सांगायला फक्त एवढंच की आम्ही आता वाजवणार आहोत. तीस मिनिटांत वाजवण्याच्या घोषणेला पाच मिनिटं देता येत नाहीत. वाजवायलाच लागायचं.

आठ: ‘आय’ड डाय फॉर यू’

इथे मुलगा अडतो. त्याला हे आवडतं. कीबोर्डची ती धावती, उतावळी लकेर या बँडच्या १९८४ च्या पहिल्या अल्बममधल्या ‘रनअवे’ची आठवण करून देते. रोमिओ-ज्युलिएटचं नाव घेऊन जीव ओवाळून टाकणारं गाणं, एकोणीस वर्षांच्या माणसाला ते आवडणारच. पण बोट काट्यावर ठेवून हिशेब करा: हे साडेचार मिनिटांचं आहे. ‘विदाउट लव्ह’ साडेतीन मिनिटांचं. हे घेतलं तर बाजू तीस मिनिटांच्या पुढे जाते आणि शेवटचं गाणं मध्येच तुटतं. तुटलेलं गाणं हा कॅसेट भरण्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. म्हणून हे बाहेर.

सात: ‘विदाउट लव्ह’

बाजूवर शिरणारं पहिलं. लहान आहे म्हणून शिरलं हे खरं, पण तेवढंच कारण नाही. या अल्बमवर बहुतेक वेळा सगळे एकाच वेळी पुढे यायला बघतात: गिटार, ढोल, कीबोर्ड, पाच गळे. इथे मात्र ते एकमेकांना जागा देतात. चाल सरळ उतरते आणि शब्दांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. ब्रूस फेअरबेर्न हा निर्माता मूळचा ट्रम्पेट वाजवणारा माणूस, कुठल्या वाद्याने कधी गप्प बसायचं हे त्याला नेमकं कळतं, आणि या गाण्यात ते ऐकू येतं.

चहा येतो. 

सहा: ‘रेज युअर हँड्स’

हे खोलीत ऐकायचं गाणंच नाही. हळू आवाजात ते नुसता गलका वाटतं. तेव्हा याच्यासाठी थोडं पुढे, मुंबईला चला: धोबी तलाव, सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे, उघड्या आभाळाखालचं रंगभवन. १९८६ पासून इथे स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरतं. मुंबईचे बँड एकामागून एक वाजवतात आणि कर्जत-कसाऱ्याकडून आलेली पोरं शेवटची लोकल डोक्यात ठेवून नाचतात. मंचावर ‘रॉक मशीन’ असेल तर गिटारवर महेश तिनईकर आहे, गळा उदय बेनेगलचा. १९८४ साली जमलेला हा बँड १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ नावाचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढेल, पुढे १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेईल. लांब केस, घट्ट पँट, उंच पट्टीतला कोरस हे सगळं इथे, आपल्या माणसांच्या अंगावर आहे, आणि आडनावं वर्गाच्या हजेरीपटावर भेटतील अशी. हजारो हात वर गेलेले बघितले की ‘रेज युअर हँड्स’ कशासाठी लिहिलंय ते समजतं. ते हातांसाठी आहे. हात असले की ते पहिल्या तिनात, नसले की सहावं. आज आपण खोलीत आहोत.

पाच: ‘नेव्हर से गुडबाय’

शाळा संपतानाचं नाचाचं संमेलन, मित्र, गाडी, पहिलं प्रेम, आणि एकमेकांना दिलेलं न तुटण्याचं वचन. कल्याणात असलं संमेलन नाही, गाडी नाही. इथे दुर्गाडीच्या उतारावर किंवा काळ्या तलावाच्या कठड्यावर चार हातांचं अंतर ठेवून बसणं आहे, आणि ओळखीचं कुणी दिसलं की उठून वेगवेगळ्या दिशांना चालू लागणं आहे. तरी मुलगा हे गाणं दोनदा ऐकतो. कॉलेजचं एकच वर्ष उरलंय आणि त्यातली अर्धी मंडळी नोकऱ्यांमागे पांगणार हे त्याला ठाऊक आहे. रिची सॅम्बोराची गिटार इथे रडत नाही, आवंढा गिळते. संथ बॅलडमध्ये हा फरक फार मोठा. त्या काळच्या ग्लॅम मेटलच्या, म्हणजे बॉन जोवीसारख्या नटव्या रॉकच्या, प्रत्येक अल्बमवर असं एक गाणं असायचंच. त्यातल्या पुष्कळ गाण्यांत भावना आधीपासून तयार करून ठेवलेली वाटते. हे गाणं तसं वाटत नाही.

चार: ‘यू गिव्ह लव्ह अ बॅड नेम’

इथे टेप थांबवा. आता जरा लांब जायचंय: न्यू जर्सी, सॅम्बोराच्या आईच्या घराचं तळघर. तीन माणसं बसली आहेत. चोवीस वर्षांचा गायक जॉन बॉन जोवी, सेयरव्हिलचा, बाप केस कापण्याच्या धंद्यातला. त्याच्या शेजारी सॅम्बोरा. आणि समोर न्यूयॉर्कहून आलेला गीतकार डेस्मंड चाइल्ड, ज्याला मुद्दाम बोलावलंय, कारण आधीचा, १९८५ चा अल्बम हवा तसा चालला नाही आणि पुढचा चाललाच पाहिजे. चाइल्डने बॉनी टायलरसाठी एक गाणं केलं होतं आणि त्याचं ध्रुवपद वाया गेलं याचं त्याला वाईट वाटत होतं. त्याच चालीचं हाड घेऊन तिघांनी नवं गाणं उभं केलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, बँडचं पहिलंच.

आता ते नीट ऐका. वाद्यं नंतर येतात, आधी ध्रुवपद येतं, उघड्या गळ्यांनी. आपल्याकडे गोंधळी, शाहीर, कलगीतुऱ्यातले गायक हेच करतात: आधी गर्दी ताब्यात घ्यायची, मग गोष्ट सांगायची. पावणेचार मिनिटांत एकही सेकंद फुकट नाही. मग चौथं का? कारण गोष्ट ऐकायला बसलो तर ती फार पातळ निघते. एका मुलीने दगा दिला, संपलं. घडण पहिल्या दर्जाची, आत राहणारा माणूस मात्र दिसत नाही.

तीन: ‘वाइल्ड इन द स्ट्रीट्स’

मुलगा म्हणतो, “हे शेवटचं गाणं कुणी ऐकतच नाही, दादा.” म्हणूनच ऐकू या. अल्बमवरच्या गाण्यांत हे एकट्या जॉनने लिहिलेलं, चाइल्डचा हात नाही, सॅम्बोराचाही नाही. त्याच्या गावाकडचा ब्रूस स्प्रिंगस्टीन इथे स्वच्छ ऐकू येतो: गल्ली, नाका, शेजारची मुलगी, तिच्या बापाची करडी नजर, आणि शनिवारची रात्र आपली आहे असं वाटण्याचा तो भरवसा. न्यू जर्सीची ही गावं न्यूयॉर्कच्या पाठीमागे आहेत. कामाला, नशीब काढायला पलीकडे जायचं आणि झोपायला परत यायचं. व्हीटीपासून साधारण चोपन्न किलोमीटरवर राहणाऱ्या मुलाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या शहराच्या सावलीत वाढलेल्यांना आपल्या छोट्या गल्लीचा जो हट्टी अभिमान असतो, तो या गाण्यात आहे. यादीत ते वर सरकतं ते त्या अभिमानावर.

दोन: ‘वॉन्टेड डेड ऑर अलाइव्ह’

बारा तारांची गिटार. पहिल्या काही सुरांतच खोली रिकामी, रुंद आणि धुळीने भरलेली वाटू लागते. जॉन आणि सॅम्बोरा यांनी दोघांनीच लिहिलेलं. विषय साधा: गावोगाव फिरणारा वादक स्वतःला घोड्यावरून फिरणारा एकांडा गुराखी समजतो. घोडा लोखंडी, बंदुकीच्या जागी गिटार. हे नाटकी आहे हे त्यांना माहीत आहे, तरी ते मनापासून गातात, आणि तिथेच ग्लॅम मेटलची खरी ताकद आहे. तमाशाच्या फडावर रंग लावून उभा राहिलेला राजा खोटा असतो, पण त्याचं दुःख खोटं नसतं. सॅम्बोराचा दुसरा आवाज इथे कान देऊन ऐका. तो जॉनच्या मागे चालत नाही. ओळीच्या शेवटी त्याच्याही वर चढून जातो आणि दोघं एकमेकांना धरून उभे राहतात. हे गाणं अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. आपल्या यादीत दुसरं.

एक: ‘लिव्हिन ऑन अ प्रेयर’

कॅसेटची तीच पहिली बाजू. तिसऱ्या गाण्यापर्यंत मागे न्या, थोडं पुढे, अजून थोडं. हां, इथे.

सुरुवातीचा तो ‘वॉव वॉव’ करणारा आवाज माणसाचा की गिटारचा हे मुलाला कधीच कळलेलं नाही. व्हँकुव्हरला चला, तिथे दिसेल. १९८६, लिटल माउंटन साउंड स्टुडिओ. सॅम्बोराच्या पायापाशी एक डबा आहे, त्यात छोटा स्पीकर. गिटारचा आवाज त्या स्पीकरमधून एका प्लॅस्टिकच्या नळीत शिरतो, नळी माइकच्या दांड्याला चिकटवून वर आणलेली, तिचं टोक सॅम्बोराच्या तोंडात. तो गात नाही, फक्त ओठ आणि जीभ हलवतो. गिटारचा सूर त्याच्या तोंडाच्या पोकळीत आकार घेतो आणि माइकमधून शब्दासारखा बाहेर पडतो. याला टॉक बॉक्स म्हणतात. काचेपलीकडे फेअरबेर्न आणि ध्वनिमुद्रक बॉब रॉक. जॉनला या गाण्याचा पहिला खर्डा फारसा रुचला नव्हता. सॅम्बोरा मागे लागला, हे सोडू नकोस म्हणाला. मग बेसची ती सरकती लकेर आली, ढोल बदलले, नळी आली, आणि गाणं उभं राहिलं. फेब्रुवारी १९८७ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि चार आठवडे तिथेच राहिलं.

आता परत खोलीत या. मुलगा रंगात आलाय, आवाज जरा वाढलाय. खाटेवरचे वडील कुशीवर वळतात. डोळे उघडे आहेत.

“काय रे, कशाबद्दल ओरडतोय तो?”

मुलगा दचकून आवाज कमी करतो. “काही नाही बाबा. एक माणूस आहे, गोदीत कामाला. युनियनचा संप चाललाय, त्याचं काम बंद आहे. बायको हॉटेलात राबते, तिच्या पगारावर घर चालतंय.”

वडील उठून बसतात. हे पूर्वी लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांतले एक. तो संप कुणी कधी रीतसर मागे घेतला नाही. तो नुसता विरत गेला, आणि त्याबरोबर नोकऱ्या गेल्या. कुणी गावाला गेले, कुणी हमाली धरली, कुणी भाजीची गाडी लावली. हे कल्याणात आले आणि शहाडकडे कंत्राटी रात्रपाळीला लागले. आईने घरी पापड लाटायला घेतले, ते अजून थांबलेले नाहीत.

“मग? मिटला का संप?”

“गाण्यात सांगितलेलं नाही, बाबा.”

“मग ते दोघं काय करतात?”

“एकमेकांना धरून राहतात.”

वडील क्षणभर बघतात. “आवाज वाढव जरा. पहिल्यापासून लाव.”

टॉमी आणि जिना यांची गोष्ट चाइल्डच्या आयुष्यातूनही आली आहे. तरुणपणी तो न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवत होता आणि त्याची मैत्रीण मारिया विडाल रेस्टॉरंटमध्ये वेट्रेस होती. तिला तिथे जिना म्हणत. रंगवलेल्या चेहऱ्यांच्या, फुगवलेल्या केसांच्या त्या काळात रेडिओवर सर्वांत मोठ्याने वाजलेलं गाणं हे एका संपावरच्या गोदी कामगाराचं होतं. टीकाकारांनी या संगीताला पोकळ म्हटलं तेव्हा या गोष्टीकडे त्यांनी पुरेसं लक्ष दिलं नाही.

आता शेवटाकडे कान द्या, कारण पहिल्या क्रमांकाचं उरलेलं अर्धं कारण तिथे आहे. गिटारची तान संपते, ढोल घुमतात, आणि शेवटच्या ध्रुवपदाच्या तोंडाशी एक मात्रा चक्क गाळलेली आहे. चारचा हिशेब तीनवर तुटतो, सम अपेक्षेपेक्षा आधी येऊन आदळते, आणि त्याच क्षणी अख्खं गाणं वर उचललं जातं: मूळ षड्ज सोडून कोमल गंधाराला नवा षड्ज केला जातो. त्या पट्टीत गाणं जॉनलाही अवघड. पुढची कित्येक वर्षं मंचावर या जागी त्याची परीक्षा होत राहील. पण कोसळलेल्या माणसाने अजून एकदा उठायचं म्हटलं तर ते याहून सोप्या पट्टीत शोभणारच नाही. सकाळी मंडपात ऐकलेला तो आवाज आठवा. प्रल्हाद शिंदेही ध्रुवपद असंच वर नेतात, ऐकणाऱ्याला आपला आवाज पोचेल का याची पर्वा न करता त्याला सोबत ओढून. गर्दीचं गाणं असं असतं. बसलेल्या माणसाला ते उभं करतं.

संध्याकाळी यादी घेऊन दुकानात जा. सात गाणी, मिळून साडेएकोणतीस मिनिटं. दुकानदार कागद बघतो आणि विचारतो, “क्रम हाच ठेवू? एक नंबर पहिल्यांदा?” मुलगा तुमच्याकडे बघतो. इथे त्याला एक गोष्ट सांगा, जी त्या कॅसेटच्या वेष्टनावर लिहिलेली नाही. या बँडने अल्बमसाठी सुमारे तीस गाणी लिहिली होती. मग ती न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या पोराटोरांना ऐकवली आणि त्यांच्या पसंतीवरून अल्बमचा क्रम ठरवला. म्हणजे ही कॅसेट मुळातच कुणा मुलांच्या यादीवरून भरलेली आहे. त्या यादीने बँडला आठ आठवडे अमेरिकेच्या अल्बमच्या तक्त्यात अव्वल ठेवलं आणि १९८७ चा तिथला सर्वांत जास्त खपलेला अल्बम दिला. कल्याणच्या मुलालाही तोच हक्क आहे.

तो हिशेब मांडतो. सुरुवात ‘वाइल्ड इन द स्ट्रीट्स’ने, कारण गल्लीतून निघायचंय. मग ‘यू गिव्ह लव्ह’, ‘रेज युअर हँड्स’, ‘विदाउट लव्ह’, ‘नेव्हर से गुडबाय’, ‘वॉन्टेड’. आणि शेवटी ‘प्रेयर’. “शेवटी का?” दुकानदार विचारतो. “कारण कॅसेट उलटली की लगेच ‘पाऊले चालती’ लागेल.”

दुकानदार मान डोलावतो आणि लाल बटण दाबतो. या उत्तरावर वाद घालायला जागा नाही. दत्ता पाटलांनी लिहिलेलं आणि मधुकर पाठकांनी बांधलेलं ते दुसरं गाणंही अडचणीतल्या माणसाचंच आहे, तोही चालतच निघालाय, आणि त्याच्याकडेही एका प्रार्थनेपलीकडे काही नाही. एका संसाराची कॅसेट म्हटल्यावर या दोन बाजू एकमेकींना चिकटलेल्याच असणार.

आता आपल्या काळाकडे परत निघू, वाटेत फार न थांबता. १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या येतात, एमटीव्ही कल्याणच्या केबलवर दिसू लागतो, आणि त्याच वर्षी सिएटलहून ‘नेव्हरमाइंड’ हा रॉक अल्बम निघतो. दोन वर्षांत लांब केस आणि चकचकीत कपडे जुनाट ठरतात. ग्लॅम मेटलचे कितीतरी बँड नावासकट विसरले जातात. टॉमी आणि जिना मात्र २००० साली ‘इट्स माय लाइफ’ या गाण्यात पुन्हा डोकावतात. प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ ला गेले, आणि दर आषाढीला, दर गणपतीला त्यांचा आवाज कल्याणच्या चौकात तसाच उभा असतो. टिकलेल्या या सगळ्या गाण्यांत एक सामाईक गोष्ट आहे: कामावरून दमून आलेल्या माणसाला ती स्वतःची वाटतात आणि त्याला त्यात मोठ्याने सामील होता येतं. क्रमवारीला याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

तुमची यादी वेगळी असेल, आणि असावीच. ‘आय’ड डाय फॉर यू’ला मी बाहेर ठेवलं म्हणून जरूर भांडा. पण अट कल्याणच्या त्या दुकानातली पाळा: तीस मिनिटं, एकच बाजू, गाणं मध्ये तुटता कामा नये, आणि दुसरी बाजू घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी पसंतीची.